गेम बंद होणार अशी नोटीस आली आहे, आता क्लॅनने काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. घाटंजी तालुक्यातल्या एका गावातला तरुण एका मोबाईल गेममध्ये क्लॅन, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा गट, चालवतो. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या जिल्ह्यांतली पन्नासेक पोरं त्यात आहेत. तीन महिन्यांनी सर्व्हर कायमचे बंद होतील, अशी नोटीस कंपनीने गेममध्येच टाकली आहे. तेव्हापासून ग्रुपवर भांडणं लागली आहेत. कोणी म्हणतो एक-एक स्टार देऊन रेटिंग पाडू, कोणी म्हणतो ग्राहक मंचात जाऊ, कोणी स्वस्त झालेल्या स्किन (गेममधल्या पात्रांचे, बंदुकांचे विकतचे रंग-पोशाख) घेत सुटला आहे. एका नववीतल्या पोराने बापाच्या मोबाईलवरून टॉप-अप मारला, म्हणजे पैसे भरून गेममधलं चलन घेतलं, आणि घरी मार खाल्ला. त्याचं विचारणं तीन गोष्टींचं आहे: हे थांबवता येतं का, पैसे परत मिळतात का, आणि घरचे हसत असताना आम्हाला एवढं का लागतंय.

भाऊ, पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. थांबवता येत नाही.

मी गेम कंपन्यांत सर्व्हर सांभाळण्याचं आणि खेळाडूंच्या तक्रारी निस्तरण्याचं काम बरीच वर्षं केलं. अशा नोटिसा जिथे लिहिल्या जातात त्या खोलीत बसलो आहे. आता आर्वीकडे गावी असतो, पण ते काम ओळखतो. नोटीस तुमच्या स्क्रीनवर दिसते तेव्हा निर्णय होऊन बहुतेक वेळा काही महिने उलटलेले असतात. गेम बनवणारी माणसं दुसऱ्या कामावर गेलेली असतात. बंद करायची तारीख पुष्कळदा भाड्याच्या सर्व्हरचा करार कधी संपतो किंवा आर्थिक वर्ष कधी संपतं यावरून ठरते. तुमच्या शिव्या ज्या माणसापर्यंत पोचतात तो तक्रारींना उत्तरं देणारा पगारी माणूस असतो. त्याच्या हातात काही नसतं आणि पुढच्या महिन्यात त्याचीही नोकरी राहील का, हे त्याला ठाऊक नसतं.

लोकांना वाटतं, चार सर्व्हर चालू ठेवायला असा कितीसा खर्च येतो? सर्व्हरचं भाडं हा त्यातला एक भाग, आणि बरेचदा मोठा भाग तो नसतोच. हॅक करणाऱ्यांना पकडणारी यंत्रणा रोज अद्ययावत ठेवावी लागते. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की गेम तिच्याशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर प्ले स्टोअर नवीन अपडेट घेत नाही. पैसे भरण्याची व्यवस्था, तक्रारी, गाण्यांचे आणि गाड्यांच्या नावांचे परवाने, सगळ्यांना माणसं लागतात. गाड्यांच्या गेमचं तर परवाना संपला की विक्रीच थांबते. खेळणारे कमी झाले की आणखी एक चक्र फिरू लागतं. लॉबी, म्हणजे मॅचआधी खेळाडू जमतात ती जागा, भरायला वेळ लागतो, मग कंपनी रिकाम्या जागी बॉट (संगणकाने चालवलेले खोटे खेळाडू) घालते, बॉट मारून कंटाळलेला खेळाडू निघून जातो, म्हणजे लॉबी आणखी रिकामी. तुम्ही नीट आठवून पाहा. गेल्या दिवाळीचाच इव्हेंट नाव बदलून पुन्हा आला होता का? रात्री अकरा वाजता मॅच लागायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत होता का? समोरची टीम सरळ रेषेत पळत येऊन मरत होती का? तसं असेल तर गेम नोटिशीच्या बऱ्याच आधीपासून आटत चालला होता.

इथे एक फरक लक्षात घ्या, कारण तुमच्या क्लॅनमधली मोठी पोरं 'पब्जीही परत आला होता ना' असं म्हणत असणार. तो प्रकार वेगळा होता. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाईल होता, आणि ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हर बंद झाले. तेव्हा कंपनीला गेम चालवायचा होता आणि चालवू दिला जात नव्हता. म्हणून २ जुलै २०२१ ला क्राफ्टन कंपनीने तोच खेळ बीजीएमआय नावाने आणला. तोही जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये अटींसह परतला: अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा. फ्री फायर हा गेमही फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदीत गेला, पण त्याची 'मॅक्स' आवृत्ती राहिली. बंदी आलेला गेम परत येऊ शकतो, कारण त्याचा मालक वाट पाहत असतो. मालकानेच नको म्हटलेला गेम परत येत नाही. तुमचा गेम दुसऱ्या प्रकारचा आहे, त्यामुळे 'सहा महिन्यांनी येईल' म्हणून कोणी आयडी विकत घ्यायला सांगत असेल तर त्याला ग्रुपमधून काढा.

त्या वेळची एक गोष्ट मात्र उपयोगाची आहे. बीजीएमआय आला तेव्हा जुन्या आयडीचा डेटा काही मुदतीपर्यंत नव्यात आणता येत होता, पण ज्यांची आयडी एखाद्या सोशल मीडिया खात्याला जोडलेली होती त्यांनाच. ज्यांनी गेस्ट म्हणून, म्हणजे कुठलंही खातं न जोडता, दोन वर्षं खेळून काढली होती त्यांची मेहनत तिथेच राहिली. तुमच्या क्लॅनमधल्या गेस्टवाल्यांना आजच सांगा, आयडी कुठल्यातरी खात्याला जोडून घ्या. कंपनीने पुढे काही दिलंच, तर ते जोडलेल्या आयडीलाच देता येतं.

आता रेटिंग पाडण्याचं. यातून काही मिळत नाही, हे मी त्या बाजूला बसून पाहिलं आहे. चालू गेमचं रेटिंग पडलं तर नवे खेळाडू येत नाहीत, म्हणून कंपनी घाबरते. जो गेम तीन महिन्यांनी स्टोअरवरून निघणारच आहे त्याचं रेटिंग चारवरून दीडवर आलं तरी कोणाच्या पोटात दुखत नाही. शिवीगाळीचा एक परिणाम मात्र होतो: तक्रारींची खिडकी लवकर बंद होते. मग ज्याचा टॉप-अप खरंच अडकला आहे, त्या पोराला विचारायला जागा उरत नाही.

राग वाया जातो असं मात्र मला म्हणायचं नाही. तो नेमक्या मागणीत घातला तर कधीकधी फळ देतो. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पूर्ण पैसे मोजून तो घेतला होता त्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. त्यावरून रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. तिची मागणी मला आवडली, कारण ती आटोपशीर आहे. सर्व्हर जन्मभर चालवा असं ती म्हणत नाही. आधार काढून घेताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच मागते. युरोपीय संघाच्या नागरिक-पुढाकारात (सह्या गोळा करून कायद्याची मागणी करायची सोय) तिला जुलै २०२५ पर्यंत १० लाखांपेक्षा जास्त सह्या मिळाल्या. (त्यात भारतातून सही चालत नव्हती, तिथलंच नागरिकत्व लागत होतं.) 'द क्रू'चे सर्व्हर काही परत आले नाहीत. पण त्याच कंपनीने 'द क्रू २' ला इंटरनेटशिवाय खेळायची सोय २०२५ मध्ये करून दिली.

अशी आणखी उदाहरणं आहेत आणि ती तुम्ही अर्जात लिहू शकता. 'नॉकआउट सिटी' ६ जून २०२३ ला बंद झाला, तेव्हा कंपनीने खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर लावता येईल अशी आवृत्ती संगणकासाठी देऊन टाकली. निन्टेंडोने 'ॲनिमल क्रॉसिंग: पॉकेट कॅम्प' ची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवली आणि लगेच एकदाच पैसे भरून घ्यायची ऑफलाइन आवृत्ती काढली. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, त्यात घेणाऱ्या सगळ्यांना पैसे परत दिले. जपानमध्ये गेम बंद करताना न वापरलेलं विकतचं चलन परत करण्याची सक्ती कायद्यानेच आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण एकच कंपनी दोन्हीकडे गेम चालवत असेल तर 'तिकडे देता, इकडे काऊन नाही?' हे विचारता येतं. विचाराच.

म्हणून तुमच्या क्लॅनने एक अर्ज लिहावा, पानभराच्या आत. त्यात तीनच मागण्या ठेवा. आजपासून विक्री बंद करा. न वापरलेले विकतचे डायमंड (गेममधलं चलन) परत करा. आणि बॉटविरुद्ध किंवा हॉटस्पॉटवर खेळता येईल अशी शेवटची आवृत्ती द्या. पहिली मागणी बहुधा ते आपोआप मान्य करतील, दुसरी अर्धवट, आणि तिसरी गेम कसा बांधला आहे त्यावर अवलंबून आहे. बऱ्याच मोबाईल गेममध्ये गोळी कुणाला लागली हे तुमचा फोन ठरवत नाही, सर्व्हर ठरवतो. तिथे ऑफलाइन आवृत्ती काढणं म्हणजे अर्धा गेम नव्याने लिहिणं. जे गेम आधीपासून फोन-ते-फोन चालतात त्यांचं सोपं असतं. मिनी मिलिशिया आठवतो ना? शाळेच्या मागे एकाचा हॉटस्पॉट सुरू करून सहा पोट्टे भिडायचे, रिचार्ज संपलेला असला तरी चालायचं.

पैशाकडे येतो. नोटीस पुन्हा नीट वाचा, त्यात बहुतेक तीन तारखा असतील: खरेदी बंद होण्याची, नवीन डाउनलोड बंद होण्याची आणि सर्व्हर बंद होण्याची. फेसबुकवरचा 'फार्मव्हिल' ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, पण त्यातली खरेदी १७ नोव्हेंबरलाच थांबली होती. (गंमत म्हणजे तो शेतीचा गेम. फ्लॅश या तंत्राचा आधारच संपला म्हणून बंद पडला. अकरा वर्षं लोकांनी त्यात पिकं घेतली, एकदाही बोंडअळी आली नाही.) नोटीस आणि खरेदी-बंदीच्या मधले दिवस हे सर्वांत धोक्याचे. याच दिवसांत 'शेवटची संधी, नव्वद टक्के सूट' लागते आणि जी पोरं दोन वर्षं हात आवरून होती ती फसतात. नव्वद दिवसांनी जी स्किन कोणालाच दाखवता येणार नाही, ती दहा रुपयांतही महाग आहे. क्लॅनमध्ये नियमच करा: आजपासून टॉप-अप नाही. फुकट मिळालेले जे डायमंड पडून आहेत ते मात्र आत्ताच उडवा, कारण परतावा मिळाला तर विकतच्यांवर मिळेल, इव्हेंटमध्ये फुकट मिळालेल्यांवर नाही. विकतचे किती आणि फुकटचे किती हे बऱ्याच गेममध्ये वेगळं दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. विकतचे शिल्लक असतील त्यांनी परताव्याचं उत्तर येईपर्यंत ते राखून ठेवावे.

झालेल्या खर्चाचं काय? दोन वर्षं वापरलेल्या स्किनचे पैसे परत मिळतील असं मी सांगणार नाही. तुम्ही जे 'मान्य आहे' दाबून पुढे गेलात त्यात लिहिलेलं असतं की वस्तू तुमच्या मालकीची नाही, वापरायची परवानगी आहे आणि ती कधीही काढून घेता येते. असं लिहिणं ग्राहकाला न्याय्य आहे का, हा वाद जगभर चालू आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तर २०२५ पासून, विकताना हे मालकीचं नसून परवाना आहे असं स्पष्ट सांगायला लावलं आहे. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे यवतमाळलाच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करा, पुष्कळ कंपन्या तिथल्या पत्रालाच उत्तर देतात. माझ्या मते ज्याने नोटीस येण्याच्या महिनाभर आधी मोठी रक्कम भरली आणि ती शिल्लक आहे, त्याची तक्रार वजनदार. ज्याने सगळं वापरून संपवलं, त्याची हलकी. पन्नास जणांनी मिळून एक वजनदार तक्रार पुढे करावी, पन्नास हलक्या नकोत.

नववीतल्या पोराचं वेगळं आहे. प्ले स्टोअरवरून खरेदी होऊन ४८ तास झाले नसतील तर गूगलकडेच परतावा मागता येतो, त्यानंतर गेमच्या कंपनीकडे मागावा लागतो. मुलगा अल्पवयीन आहे, बापाची संमती नव्हती, हे बापाच्या नावाने आणि बापाच्या ईमेलवरून लिहा. अल्पवयीनाने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही, म्हणून असे अर्ज कंपन्या सहसा धुडकावत नाहीत. पोराला मारून पैसे येणार नाहीत. बापाच्या मोबाईलवर खरेदीसाठी पासवर्ड लावणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, ती तुम्हीच जाऊन करून द्या.

आणि ड्रीम इलेव्हन, रमी वगैरेंच्या गोंधळात हे मिसळू नका. तुमच्या क्लॅनमधले काही जण ते करत असतील. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले. तिथे खात्यात उरलेली रक्कम ही तुमचीच ठेव असते आणि ती काढून घेता येते. डायमंडचं तसं नाही, ते आपोआप रुपयात परत होत नाहीत.

आता फसवणूक. कुठलाही मोठा गेम बंद व्हायला आला की चोरांचा बाजार भरतो. 'तुमची आयडी नव्या गेममध्ये ट्रान्सफर करून देतो', 'रिफंडसाठी या लिंकवर यूपीआय पिन टाका', 'प्रायव्हेट सर्व्हरची एपीके घ्या'. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे पोरांना माहीत असतं, तरी रागाच्या आणि घाईच्या भरात टाकतात. अनोळखी एपीके (स्टोअरबाहेरून घ्यायची ॲपची फाईल) तर फोनमधले मेसेज वाचू शकते, म्हणजे ओटीपी गेला. कोणाचं झालंच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उद्यावर टाकू नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तो तुम्ही शेवटी आणि थोडं लाजून विचारला आहे, पण मला विचाराल तर खरं काम तिथेच आहे.

घरचे हसतात, कारण त्यांना वाटतं तुमची बंदूक गेली. तुमचं काय गेलं ते तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंय की हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन आली की चार-पाच पोरं आपापल्या वावरात मोटारीजवळ बसून एकाच लॉबीत असतात. एक जण रानडुकरांसाठी जागलीला असतो, त्याच्या कानात एकच इअरफोन, दुसरा कान तुरीकडे. एक चाकणला कंपनीत लागला आहे, तो पाळी संपवून येतो. एकाचा आवाज तुम्ही तीन वर्षं ऐकता आणि तो मूलच्या पुढचा कुठला, कसा दिसतो, हे माहीत नाही. म्हणजे गेम हा तुमचा रात्री दहाचा पानठेला होता, फक्त तो तीन जिल्ह्यांत पसरलेला होता. गावातला ठेला बंद झाला तर माणसं समोरच्या ओट्यावर बसतात, कारण ती एकाच गावात असतात. तुमची माणसं बसतील कुठे? त्यांना एकत्र धरणारी गोष्ट म्हणजे सर्व्हरमधली एक यादी होती, आणि ती यादी त्या तारखेला पुसली जाणार आहे. लागणारच.

हे तुमच्याच पोरांना होतं असं नाही. 'सिटी ऑफ हीरोज' नावाचा संगणकावरचा गेम ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद झाला. बंदची घोषणा झाल्यावर तिथले खेळाडू गेममधल्या शहराच्या चौकात हातात मशाली घेऊन जमले होते. कंपनीने ऐकलं नाही. पण ती माणसं गेमबाहेर एकमेकांना धरून राहिली. त्यांच्यातल्या काहींनी गुपचूप सर्व्हर चालवला, २०१९ मध्ये ते उघड झालं, आरडाओरडा झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने 'होमकमिंग' या खेळाडूंच्याच सर्व्हरला रीतसर परवाना दिला. अकरा वर्षांनी. मला या गोष्टीतला गुप्त सर्व्हर फारसा महत्त्वाचा वाटत नाही, तसं करायला तुम्हाला मी सांगणारही नाही. अकरा वर्षं ती माणसं एकमेकांच्या संपर्कात होती, हे मला मोठं वाटतं.

तेव्हा तीन महिन्यांचा हा वेळ रँक पुश करण्यात (क्रमवारीत वर चढण्यात) घालवू नका. बसून पन्नास आयडींचा तक्ता करा: आयडी, खरं नाव, गाव, फोन नंबर. मी पैज लावतो, अर्ध्यांची खरी नावं तुम्हाला ठाऊक नसतील. जे महिनाभर आलेले नाहीत त्यांना गेममधूनच मेसेज टाका, कारण त्यांच्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता तुमच्याकडे नाही. नोटिशीची बातमी पसरली की जुने खेळाडू एकदा डोकावायला येतात, हे मी दर वेळी पाहिलं आहे. बंद होणाऱ्या गेमची गर्दी शेवटच्या आठवड्यांत वाढते. तेव्हाच त्यांना धरा. नंबर देताना पोरं कचरतील, त्यात अठराच्या आतली असतील तर त्यांच्या घरच्यांना सांगूनच घ्या. तक्ता ग्रुपवर टाकू नका, तुमच्याजवळ आणि आणखी एकाजवळ असू द्या.

एकदा भेटा. बाभूळगाव घ्या, वणी घ्या, सगळ्यांना एसटीने दिवसात जाऊन येता येईल असं काहीही. मात्र सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी टाळून तारीख धरा, नाहीतर निम्मे येणार नाहीत आणि तुम्ही म्हणाल पोरांना काही पडलेलं नाही. भेटीत गेमवर कमी बोललं गेलं तरी वाईट वाटून घेऊ नका.

पुढे कुठला गेम, हे भांडण तुमच्याकडे आधीच लागलं असेल. माझा सल्ला: सगळ्यांनी एकदम एका नव्या गेमवर उडी मारू नका. दोन-तीन आठवडे रोज रात्री त्याच वेळेला, वेगवेगळे गेम, पण तीच पोरं. निवडताना गेम किती नवा आहे यापेक्षा कंपनी गेल्यावर तो चालेल का, हे विचारा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर स्वतःच्या संगणकावर लावता येतो. लुआंटी आणि मिंडस्ट्री हे गेम तर फुकट आणि मुक्त-स्रोत (कोड सगळ्यांना खुला) आहेत, अँड्रॉइडवर चालतात, एका वायफायवरही खेळता येतात. नेमबाजीची मजा त्यात नाही, पोरं नाकं मुरडतील. मुरडू द्या. बंदूकवालाही एक ठेवा, पण त्यात पैसे घालू नका.

गेममधल्या आठवणी जपायच्या तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. तासाभराला दोन-तीन जीबी सहज लागतात, म्हणून आधी फोन रिकामा करा. हेडशॉट कोणीही जपतं. तुम्ही लॉबीतली बडबड घ्या, चालू असताना कोणाच्या तरी मागे मोटारीचा आवाज, कोणाची आजी 'झोप न रे बावा' म्हणते आहे, ते सगळं. सर्वांना सांगून घ्या, चोरून नको.

शेवटच्या दिवसाबद्दल एवढंच. तुमची स्पर्धा, निरोप, जे काय करायचं ते आठवडाभर आधी करून घ्या. शेवटच्या रात्री जगभरचे लोक आत शिरतात, पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) चढतो, मधेच फेकले जाता, आणि आपल्याकडे त्यात लाईनची भर. वेळही नीट पाहा. नोटिशीत यूटीसी (जगाची प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. ३१ तारखेचे ००:०० यूटीसी म्हणजे आपल्याकडे ३१ च्या पहाटेचे साडेपाच, म्हणून तुमची शेवटची रात्र ३० ची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ दिली असेल तर हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मिळवावे लागतात. कस्टम रूम (आपल्याच ओळखीच्यांत मॅच लावायची सोय) बरेचदा आधीच बंद करतात, तेही नोटिशीत शोधा.

अर्ज मराठीत लिहून पाठवला तर इंग्रजी मी करून देतो. त्यात कंपनीच्या कुठल्या पत्त्यावर पाठवायचा तेही घालीन, गेमच्या तक्रार-खिडकीवर तर पाठवाच. खरेदी बंद होण्याची तारीख जवळ असेल, तर त्याच्या आत तो गेला पाहिजे.